रबात १९६९, अबू धाबी २०१९ : इस्लामी परिषदेतल्या भारताच्या जागेचा प्रकरण अभ्यास

२५ सप्टेंबर १९६९ रोजी मोरोक्कोची राजधानी रबात इथे मुस्लिम राष्ट्रांची पहिली शिखर परिषद संपली. भारताचं शिष्टमंडळ तेव्हा शहरातच होतं, पण सभागृहाबाहेर. निमंत्रण रीतसर आलं होतं. ते येऊन दोन दिवस होतात न होतात तोच भारताला दार बंद झालं.

१ मार्च २०१९ रोजी अबू धाबीत, त्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या इस्लामी सहकार्य संघटनेच्या म्हणजे ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत सुषमा स्वराज मानाच्या पाहुण्या म्हणून भाषण करत होत्या. या वेळी पाकिस्तानची खुर्ची रिकामी होती.

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना मी हे प्रकरण मुद्दाम घेतो. तेल, धर्म आणि मैत्रीचे करार हा विषय निघाला की मुलं सहसा अमेरिका-सौदीवर जातात : फेब्रुवारी १९४५, सुएझ कालव्यातलं ग्रेट बिटर लेक, क्विन्सी युद्धनौकेवर रूझवेल्ट आणि इब्न सौद. ते उदाहरण चांगलं आहे, पण त्यात आपण प्रेक्षक असतो. रबात-अबू धाबीत आपण स्वतः आहोत, आणि आपल्या घरातल्या गोष्टीही आहेत. वर्गात मुलांचे पटकन दोन तट पडतात. एक तट म्हणतो, तेलापुढे धर्म फिका पडला. दुसरा म्हणतो, धर्म आहे तिथेच आहे, फक्त गोड बोलायला शिकलेत. दोघांनाही मी आधी तारखा नीट लावायला सांगतो.

रबातमध्ये काय घडलं

२१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लावली गेली. लावणारा डेनिस मायकल रोहन नावाचा ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती होता. जेरुसलेमचा तो भाग १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात, त्यामुळे अरब जगात संतापाचा आगडोंब उसळला. सौदी अरेबियाचे राजे फैसल आणि मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी पुढाकार घेऊन २२ सप्टेंबरपासून रबातला परिषद भरवली.

त्याआधी अरब एकजुटीचा झेंडा इजिप्तच्या नासर यांच्या हाती होता. तो झेंडा अरब राष्ट्रवादाचा होता, धर्माचा नव्हे. नेहरूंपासून आपली दोस्तीही नासर यांच्याशी. फैसल यांना नासर यांच्या समाजवादाला आणि राजेशाहीविरोधी राजकारणाला तोड हवी होती, आणि ती त्यांनी इस्लामी ऐक्यात शोधली. म्हणजे रबातचं व्यासपीठ जन्मालाच आलं ते अरब देशांच्या आपापसातल्या चढाओढीतून. इथे श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही. अल-अक्सासाठी ज्यांचा जीव तुटला त्यांचा तो खराच तुटला. पण त्या दुःखाला संघटनेचं रूप कोणी दिलं आणि का दिलं, हा प्रश्न वेगळा आहे, आणि प्रकरण अभ्यासात तो सोडून चालत नाही.

भारताला सुरुवातीला बोलावणं नव्हतं. आपल्या देशात कोट्यवधी मुसलमान आहेत, त्यांचाही अल-अक्साशी संबंध आहे, तेव्हा भारताला जागा हवी, असा आग्रह दिल्लीने धरला. २३ तारखेला निमंत्रण आलं, तेही परिषदेच्या सर्वानुमते झालेल्या निर्णयाने, अशी भारत सरकारची भूमिका होती. दिल्लीहून मंत्री पोहोचेपर्यंत भारताच्या जागेवर आपले मोरोक्कोतले राजदूत गुरबचन सिंग बसले. मुस्लिम राष्ट्रांच्या पहिल्या शिखर परिषदेत भारतातर्फे बसलेला पहिला माणूस शीख होता, हे मी वर्गात नेहमी सांगतो. नेहरूंच्या काळापासून आपण जगाला जे सांगत होतो की भारतीय नागरिकत्व धर्मावर ठरत नाही, त्याचा याहून स्वच्छ पुरावा रबातला कोणी मांडू शकला नसता. आणि नेमका तोच पाकिस्तानला झोंबणारा होता, कारण पाकिस्तानचा जन्मच उलट सिद्धांतावर झाला.

मग केंद्रीय मंत्री फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ पोहोचलं. तोवर वारं फिरलं होतं. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान मुक्कामाच्या जागेतून बाहेर पडायला तयार होईनात : भारत बसणार असेल तर मी येणार नाही. त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट होती. १८ सप्टेंबरपासून अहमदाबादेत भीषण दंगल पेटली होती आणि शेकडो माणसं मारली गेली होती. आपण मुसलमानांच्या वतीने जागा मागत होतो आणि त्याच आठवड्यात आपल्याच एका शहरात मुसलमानांची घरं जळत होती. रबातचं प्रकरण सांगताना हा भाग अनेक जण गाळतात. मी गाळत नाही. परराष्ट्र धोरण दिल्लीत लिहिलं जातं हे खरं, पण त्याची पत गल्लीत ठरते, आणि अहमदाबादने ती पत त्या आठवड्यात घालवली.

भारताला सुचवण्यात आलं की निरीक्षक म्हणून या, नाहीतर आपणहून बाजूला व्हा. शिष्टमंडळाने दोन्ही नाकारलं. शेवटची बैठक भारताविना झाली. दिल्लीने मोरोक्को आणि जॉर्डनमधले आपले प्रतिनिधी परत बोलावले, आणि संसदेत इंदिरा गांधींच्या सरकारवर टीकेची झोड उठली : मुळात धर्माच्या नावाने भरलेल्या परिषदेत जायचंच कशाला? ही टीका मला आजही वजनदार वाटते.

त्या वर्षी तेल कोणाचं होतं

मुलं इथे विचारतात, सर, तेव्हाही आपण आखातातूनच तेल घेत होतो ना, मग अरबांना आपली काहीच गरज नव्हती का?

याचं उत्तर तेलाच्या मालकीत आहे. १९६९ मध्ये सौदी तेलाची मालकी प्रत्यक्षात आरामको या अमेरिकी कंपन्यांच्या गटाकडे होती. सौदी सरकारने तिच्यात २५ टक्के वाटा १९७३ मध्ये घेतला, ६० टक्के १९७४ मध्ये आणि पूर्ण ताबा १९८० मध्ये. कच्च्या तेलाचा भाव बॅरलला दोन डॉलरही नव्हता. दिल्ली आणि रियाध यांच्यात गिऱ्हाईक-दुकानदाराचं थेट नातंच नव्हतं. व्यवहार परदेशी कंपन्यांशी होता, आणि मुंबईतल्या रिफायनऱ्याही त्यांच्याच होत्या.

थेट नातं होतं ते इराणशी. मद्रासची रिफायनरी त्याच १९६९ साली सुरू झाली आणि तिच्यात इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीचा भाग होता. पण शाहचा इराण पाकिस्तानचा पाठीराखा होता. १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानला मदत केली होती, १९७१ मध्येही केली. तेल आपल्याला आणि साथ पाकिस्तानला, असा प्रकार पन्नास वर्षांपूर्वीही होता. तेलाच्या व्यवहारातून मैत्री आपोआप उगवत नाही हे कळायला मद्रासचं हे एक उदाहरण पुरेसं आहे.

धर्माची मर्यादा ढाक्यात, तेलाची मर्यादा दिल्लीत

पुढची पाच वर्षं मी भरभर घेतो, पण दोन गोष्टींवर थांबतो.

पहिली गोष्ट बांगलादेश. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात मारले गेलेल्या आणि निर्वासित झालेल्या माणसांत मुसलमानही फार मोठ्या संख्येने होते. रबातला मुस्लिम बंधुत्वाची शपथ घेणाऱ्या राष्ट्रांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला नाही. सौदी अरेबियाने बांगलादेशाला मान्यता दिली ती थेट १६ ऑगस्ट १९७५ रोजी, शेख मुजीब यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. धर्म हेच जर धोरणाचं मूळ असतं तर ढाक्याला एवढी वाट बघावी लागली नसती. तिथे धर्म श्रद्धावानांच्या बाजूने उभा राहिला नाही, तो एका सरकारच्या बाजूने उभा राहिला.

दुसरी गोष्ट १९७३ चं तेल. ऑक्टोबरच्या अरब-इस्रायल युद्धात अरब उत्पादकांनी पुरवठा आवळला, आणि जानेवारी १९७४ पर्यंत भाव तीन डॉलरच्या आसपासून साडेअकरांच्या वर गेला. १९६७ आणि १९७३ या दोन्ही वेळी भारत अरबांच्या बाजूने ठाम उभा होता. बिल मात्र आपल्यालाही त्याच भावाने आलं. दुष्काळ, महागाई आणि त्यावर हे. रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेले पुणेकर आज सत्तरीत आहेत, त्यांना विचारलं तर अरब-भारत मैत्रीचा त्यांना काय उपयोग झाला ते सांगतील. त्याच काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी लाहोरला दुसरी इस्लामी शिखर परिषद घेतली आणि तेलाचा नवा पैसा पाकिस्तानकडे वळवायला सुरुवात केली. पुढे राजे फैसल यांच्या नावावरून पाकिस्तानातल्या लायलपूर शहराचं फैसलाबाद झालं. सुदैवाने लाहोरची परिषद झाली त्याच महिन्यात आपल्याला मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं.

या पाच वर्षांवरून माझं मत बनलं आहे. परिषदेत उघडपणे काय बोलायचं ते धर्माने ठरतं. आतल्या खोलीत कोणाला दुखवायचं नाही ते तेलाने ठरतं. आणि तेलाचं पारडं विकणाऱ्याकडे झुकलंय की घेणाऱ्याकडे, यावर धर्माचा आवाज किती चढा लागेल ते अवलंबून असतं. १९७४ मध्ये पारडं पूर्णपणे विकणाऱ्याकडे होतं.

पारडं कसं फिरलं

इराकने कुवेत बळकावलं ते १९९० चं संकट आपल्याला दोन अंगांनी भिडलं. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं, आणि महागलेल्या तेलाने परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की १९९१ मध्ये सोनं गहाण टाकण्याची पाळी आली. जानेवारी १९९२ मध्ये आपण इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. अरब देश तुटून पडतील ही जुनी भीती होती. ते तुटले नाहीत.

त्यानंतरचे टप्पे सावकाश आले. जानेवारी २००६ मध्ये सौदी राजे अब्दुल्ला प्रजासत्ताक दिनाला आले. त्याआधी सौदी राजा भारतात आला होता तो १९५५ मध्ये. २०१० मध्ये मनमोहन सिंग रियाधला गेले. दोन वर्षांनी त्याचं फळ दिसलं : मूळचा बीडचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल, २६/११ च्या कटातला संशयित, सौदी अरेबियात सापडला. त्याच्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट होता. तो आमचा म्हणून पाकिस्तानने जोर लावला, तरी जून २०१२ मध्ये सौदीने त्याला भारताकडे पाठवलं. रबातच्या तुलनेत हा केवढा फरक आहे! माझ्या दृष्टीने खरं वळण हेच, अबू धाबीचं भाषण नंतरचं.

हे का घडलं? अमेरिकेत शेल नावाच्या खडकातलं तेल निघू लागलं आणि तिची आखातावरची भिस्त कमी झाली. आखाताला पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं हमखास गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते आशियात होतं. भारत रोज सुमारे ४५ लाख बॅरल तेल आयात करू लागला होता. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाला आपल्याशी बांधून ठेवायचं तर त्याच्या घरात भांडवल घालावं लागतं. २०१८ हे त्या बांधाबांधीचं वर्ष ठरलं. फेब्रुवारीत ओएनजीसी विदेशच्या गटाला अबू धाबीच्या लोअर झाकुम तेलक्षेत्रात ६० कोटी डॉलरला १० टक्के वाटा मिळाला. मे महिन्यात अबू धाबीच्या अ‍ॅडनॉक कंपनीचं तेल मंगळूरच्या भूमिगत साठ्यात येऊ लागलं. आणि एप्रिल ते जून या काळात आरामको आणि अ‍ॅडनॉक यांनी रत्नागिरीच्या प्रकल्पात मिळून निम्मा वाटा घेण्याचं ठरवलं.

तो प्रकल्प म्हणजे नाणार. महाराष्ट्रात नाणार म्हटलं की आंबा, काजू, मच्छीमारी आणि आंदोलन आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. राजापूर तालुक्यातल्या माणसांनी आपल्या जमिनीचा प्रश्न विचारला, तो त्यांचा हक्क होता. पण त्याच नाणारला दुसरी बाजू होती, तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेची, तीन लाख कोटी रुपयांची रिफायनरी ही सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी भारताशी पुढच्या कित्येक दशकांची बांधिलकी होती. आपल्या रिफायनरीत आपलं तेल खपतं, आणि जिथे इतकं भांडवल अडकलेलं असतं त्या देशाविरुद्ध परिषदेत बोलताना जीभ आवरती घ्यावी लागते. मार्च २०१९ च्या सुरुवातीला राज्य सरकारने नाणारची भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. सुषमा स्वराज अबू धाबीत बोलत होत्या तेही त्याच दिवसांत. दोन्ही बातम्या मी वर्गात शेजारी-शेजारी ठेवतो. पुढे बारसूचा पर्याय आला, एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती परीक्षणाला बायाबापड्यांनी जमिनीवर आडवं पडून विरोध केला, आणि तो प्रकल्पही अडला.

तेल म्हणजे नेमकं काय हे ज्यांना आकड्यांनी कळत नाही त्यांना मी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाऊन यायला सांगतो. जहाजातून मुंबईच्या जवाहर द्वीपावर उतरलेलं आखाताचं कच्चं तेल मुंबई हायच्या तेलासोबत माहुलला शुद्ध होतं, पाइपलाइनमधून घाट चढतं, लोणीच्या डेपोत येतं आणि तशीच पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जातं. डेपोबाहेर टँकरांची रांग असते. ड्रायव्हर केबिनमध्ये आडवे झालेले, क्लीनर टपरीवर चहा घेताना, पावती हातात पडली की एकेक गाडी आत. कर्वे रोडच्या पंपावर आपण जे भरतो ते या रांगेतून येतं. ही रांग चार दिवस थांबली तर पुण्याचं काय होईल, हा प्रश्न मुलं तिथे उभी राहून स्वतःच विचारतात.

अबू धाबीचा आठवडा आणि दोन कागद

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं. तीन दिवसांत सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान इस्लामाबादला पोहोचले आणि २० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे करार केले. लगेच १९ तारखेला दिल्लीत आले आणि १०० अब्ज डॉलरहून अधिक संधी दिसतात म्हणाले. २६ ला बालाकोट, २७ ला अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात. १ मार्चला रात्री ते वाघ्याहून परत आले, आणि त्याच दिवशी अबू धाबीत ओआयसीची बैठक सुरू झाली होती. भारताला बोलावू नका, निदान आत्ता तरी, अशी मागणी पाकिस्तानने केली होती. यजमान अमिरातीने ती मानली नाही, म्हणून पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी आले नाहीत. १९६९ मध्ये याह्या खान यांनी हाच डाव टाकला होता आणि तो चालला होता.

सुषमाताईंच्या भाषणात 'एकं सत् विप्रा बहुधा वदन्ति' होतं आणि कुराणातली वचनंही होती. अल्लाहच्या ९९ नावांपैकी एकाचाही अर्थ हिंसा असा होत नाही, असं त्या म्हणाल्या. दहशतवादाविरुद्धची लढाई कुठल्याही धर्माविरुद्ध नाही हे त्यांनी ठासून सांगितलं, आणि पाकिस्तानचं नाव घेतलं नाही. हे भाषण मला मनापासून आवडतं. धर्माच्या व्यासपीठावर धर्माच्याच भाषेत, पण आपल्या जमिनीवर पाय रोवून कसं बोलावं याचा तो धडा आहे.

दुसऱ्या दिवशी बैठक संपली तेव्हा मात्र दोन कागद बाहेर आले, आणि या प्रकरणाचा गाभा त्या दोन कागदांत आहे. एक होतं अबू धाबी घोषणापत्र. त्यात काश्मीर नव्हतं, उलट भारताच्या मंत्र्यांच्या उपस्थितीची दखल होती. दुसरा होता काश्मीरवरचा ठराव. त्यात भारतावर जहरी टीका होती. दिल्लीने लगेच उत्तर दिलं की जम्मू-काश्मीर हा भारताचा अविभाज्य भाग आहे आणि तो आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

एकाच सभागृहातून, एकाच दिवशी, दोन परस्परविरुद्ध कागद कसे निघाले? घोषणापत्राचा मसुदा यजमानाच्या हातात असतो, आणि यजमान होती अमिरात, जिचं तेल मंगळूरच्या भुयारात होतं. ठराव सदस्यांच्या जुन्या परिपाठाने निघतो. पाकिस्तान मसुदा मांडतो, ५७ देशांच्या संघटनेत कोणालाच त्यावर भांडण्याचं कारण नसतं, आणि दरवर्षीचा कागद मंजूर होतो. तेलाचा शब्द एका कागदावर, धर्माचा दुसऱ्यावर. वर्गातले दोन्ही तट आपापला कागद पुढे करतात, आणि दोन्ही कागद खरे असतात.

वर्गातल्या हरकती

लातूरकडच्या एका मुलीने गेल्या तुकडीत विचारलं : तेल एवढं निर्णायक असेल तर मग इराणला आपण का सोडलं? हरकत बिनतोड आहे. इराण आपल्या सर्वांत मोठ्या पुरवठादारांपैकी एक होता, २०१८-१९ मध्येही त्याच्याकडून दोन कोटी टनांहून जास्त तेल आलं. साठ दिवसांची उधारी मिळत होती, पैसे युको बँकेत रुपयांत जमा होत होते आणि त्या रुपयांतून इराण आपला बासमती आणि चहा घेत होता. याहून सोयीचा सौदा कुठला? शिवाय मार्च १९९४ मध्ये जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगातला काश्मीरवरचा ठराव पाकिस्तानने मागे घ्यावा म्हणून इराणनेच शब्द टाकला होता. शाहच्या काळात पाकिस्तानच्या पाठीशी असलेला देश धर्मगुरूंच्या राजवटीत आपल्या कामी आला, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. तरी २००५ मध्ये आपण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मत दिलं, आणि इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत २ मे २०१९ ला संपताच तेल घेणं थांबवलं. म्हणून मी त्या मुलीच्या वहीत एवढंच लिहून दिलं की तेल कोणाचं हे विचारलंस, आता त्याचे पैसे कोणाच्या चलनातून आणि कोणाच्या परवानगीने जातात तेही विचार.

कोंढव्याच्या एका मुलाची हरकत वेगळी होती. त्याचे वडील सौदीत जुबैलला नोकरीला आहेत. तो म्हणाला, सर, तुम्ही तेल म्हणता तेव्हा जहाज बघता, आमच्या घरी तेल म्हणजे महिन्याचा पैसा आणि आजीची हज. त्याचं बरोबर आहे. आखातात सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये परदेशातून घरी आलेल्या पैशात एकट्या अमिरातीचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास होता. हजचा कोटा सौदी सरकार ठरवतं, आणि जून २०१९ मध्ये सौदीने भारताचा कोटा दोन लाखांवर नेला. श्रद्धा, रोजगार आणि राजकारण या माणसांच्या घरात एकाच पाकिटातून येतात. त्यांना वगळून केलेलं विश्लेषण मला अपुरं वाटतं.

आणि पाकिस्तान? तो तर बंधुत्वाच्या आतला. पण तेलाचा चाबूक त्याच्यावर सर्वांत जोरात चालला. २०१८ मध्ये सौदीने त्याला तीन अब्ज डॉलरचं कर्ज आणि तेवढ्याच तेलाची उधारी देऊ केली. डिसेंबर २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या वेगळ्या मुस्लिम परिषदेला इम्रान खान यांनी जायचं ठरवलं होतं, सौदीची नाराजी कळताच रद्द केलं. ऑगस्ट २०२० मध्ये काश्मीरवर ओआयसीची बैठक घेत नाही म्हणून कुरेशींनी सौदीला सुनावलं, तोवर एक अब्जाची परतफेड मुदतीआधी करावी लागली होती आणि तेलाची उधारीही बंद पडली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेत शिकलेले जनरल मनोज नरवणे अमिरात आणि सौदीला गेले. भारताच्या लष्करप्रमुखांची ती पहिलीच भेट होती.

धर्म मात्र संपलेला नाही, आणि त्याची किंमत आपणही मोजतो. जून २०२२ मध्ये भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्या प्रेषितांबद्दलच्या वक्तव्यावर कतारने तिथल्या भारतीय राजदूतांना जाब विचारायला बोलावून घेतलं, तेव्हा उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू दोह्यातच होते. त्याच दिवशी पक्षाने शर्मा यांना निलंबित केलं. देशातल्या निषेधांनी जे घडलं नव्हतं ते आखाताच्या एका दिवसाने घडलं. याचा मला आनंद नाही. आपल्याच नागरिकांचं दुखणं आपल्याला बाहेरून कळावं लागलं. अहमदाबाद १९६९ मी गाळत नाही ते याचसाठी. मे २०२३ मध्ये श्रीनगरला जी-२० ची पर्यटन बैठक झाली, तिथे सौदी आले नाहीत. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारने कैदेतले भारताचे माजी नौसैनिक सोडले, त्याच महिन्यात वर्षाला ७५ लाख टन वायूचा करार २०४८ पर्यंत वाढला, आणि अबू धाबीत हिंदू मंदिराचं उद्घाटन झालं.

२०२५ : प्रकरण अजून मिटलेलं नाही

२२ एप्रिल २०२५ रोजी नरेंद्र मोदी जेद्दाहमध्ये होते. त्याच दिवशी पहलगाममध्ये पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या, मृतांत पुण्याचेही होते. पंतप्रधान दौरा आटोपता घेऊन रात्रीच परत निघाले. भारत-सौदी संयुक्त निवेदनात पहलगामच्या हल्ल्याचा निषेध आला, आणि भारतात दोन रिफायनऱ्या मिळून उभारण्याबद्दल सहमतीही आली. कोकणात जे जमलं नाही ते आता दुसरीकडे जुळवण्याचा प्रयत्न आहे.

पाचच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षण करार केला : एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं आक्रमण. आठच दिवसांपूर्वी इस्रायलने दोह्यावर हवाई हल्ला केला होता, अमेरिकेचा मोठा तळ कतारमध्ये असूनही. तेव्हा आखाताला अण्वस्त्र बाळगणाऱ्या मुस्लिम सैन्याची आठवण झाली, यात नवल नाही. पाकिस्तानी सैनिक सौदीच्या रक्षणाला जाण्याचा रिवाज जुनाच आहे, आता तो कागदावर आला.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण याला भारताचा पराभव म्हणतात. मला तसं वाटत नाही. सौदीला पैसा तेलातून मिळतो आणि त्या तेलाचं मोठं गिऱ्हाईक आपण आहोत. सौदीला संरक्षण हवं आहे आणि ते द्यायला पाकिस्तानचं सैन्य तयार आहे. सौदी राजघराणं दोन्ही गरजा दोन वेगवेगळ्या देशांकडून भागवतं. या वर्षीच्या तुकडीला मी लेखी काम तेच दिलं आहे : जेद्दाहचं एप्रिलचं निवेदन आणि रियाधचा सप्टेंबरचा करार शेजारी ठेवा, आणि भारत-पाकिस्तानात उद्या पुन्हा चकमक झाली तर सौदी अरेबिया यातला कुठला कागद आधी काढेल, ते कारणांसह लिहा.